चूक की फसवणूक? नऊ जणांच्या हुद्द्यांवरून उभं राहिलेलं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेतलं आहे. सरकारी कंत्राटांच्या बिलांची तपासणी हे माझं काम असल्याने ते मला जवळून पाहता आलं. कंपनीचं आणि सरकारी खात्याचं नाव दिलेलं नाही. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. रकमा थोड्या बदलल्या आहेत, पण त्यांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण तसंच ठेवलं आहे. ज्यांच्यामुळे हे उघडकीस आलं त्या बाई मूळच्या महाराष्ट्रातल्या. कंपनीत त्या बिलिंग विश्लेषक होत्या, म्हणून पुढे त्यांना विश्लेषक असंच म्हणेन.

पार्श्वभूमी

वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात सरकारी कंत्राटांवर चालणाऱ्या कंपन्यांची दाटी आहे. त्यांतलीच ही एक मध्यम आकाराची कंपनी. एका केंद्रीय नागरी खात्याच्या संगणक यंत्रणेच्या देखभालीचं काम तिला मिळालं होतं. करार एका मूळ वर्षाचा आणि पुढे चार 'ऑप्शन' वर्षांचा, म्हणजे सरकारला वाटलं तर एकेक वर्ष वाढवायचा.

करार 'टाइम अँड मटेरियल' पद्धतीचा होता. यात काम पूर्ण झाल्याचे पैसे मिळत नाहीत, तासांचे मिळतात. प्रत्येक हुद्द्याला तासाचा दर ठरलेला असतो. हुद्द्याला तिथे लेबर कॅटेगरी म्हणतात, आणि त्या कॅटेगरीत बसायला किती शिक्षण, किती वर्षांचा अनुभव हवा याचा तक्ता करारातच असतो. या करारात वरिष्ठ सिस्टिम्स विश्लेषकाचा दर तासाला १३८ डॉलर होता आणि अट होती पदवी अधिक आठ वर्षांचा अनुभव. कनिष्ठ विश्लेषकाचा दर ९४ डॉलर.

निविदा भरताना कंपनीने खरोखरच अनुभवी माणसांचे बायोडेटा जोडले होते. काम मिळाल्यावर त्यांतली बरीचशी माणसं दुसऱ्या कंत्राटांवर गेली, काहींनी नोकरी सोडली. त्यांच्या जागी दोन-तीन वर्षांचा अनुभव असलेली मुलं घेतली गेली. बिलिंगच्या प्रणालीत मात्र कॅटेगरी माणसाला जोडलेली नव्हती, जागेला जोडलेली होती. माणूस बदलला, कोड तोच राहिला. असे नऊ जण होते.

सुरुवात एवढ्या साध्या गोष्टीने झाली आणि ती साधीच होती असं मी आजही मानतो. कोणी बंद खोलीत बसून कट केल्याचं मला कागदांत कुठेही दिसलं नाही. म्हणूनच हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

अडचण कुठे दिसली

विसाव्या महिन्यात नव्याने आलेल्या एका मुलाच्या टाइमशीटवरचा कोड चुकल्यासारखा वाटला म्हणून विश्लेषकांनी त्याची मनुष्यबळ विभागाकडची नोंद उघडली. पदवी मिळून दोनच वर्षं झाली होती. बिल जात होतं १३८ डॉलरने. त्यांनी बाकीच्यांच्या नोंदी पाहिल्या आणि नऊ नावांचा एक तक्ता केला: नाव, रुजू झाल्याची तारीख, अनुभव, करारातली अट, लावलेला दर, लागायला हवा होता तो दर.

हिशेब सरळ आहे. तासामागे ४४ डॉलरचा फरक, माणशी वर्षाला साधारण १,८८० तास, माणसं नऊ. वर्षाला सुमारे ७ लाख ४४ हजार डॉलर. दोन वर्षांचे धरले तर १४ लाख ८९ हजार.

पण करारात आणखी एक कलम होतं, आणि ते कंपनीतल्या फार थोड्यांनी शेवटपर्यंत वाचलं असावं. 'टाइम अँड मटेरियल' करारांच्या पैशांबाबतचं हे केंद्रीय खरेदी नियमावलीतलं ठरीव कलम आहे. त्यात म्हटलं आहे की करारात पात्रता ठरवून दिलेली असेल आणि काम अपात्र माणसाने केलं असेल, तर त्या तासांचे पैसे मिळणार नाहीत. कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरने, म्हणजे सरकारच्या वतीने करार करणाऱ्या अधिकाऱ्याने, खास परवानगी दिली असेल तरच मिळतील. म्हणजे सरकार दरातला फरक कापून घेऊन थांबेलच असं नाही, अख्खा तासच नामंजूर करू शकतं. मग रक्कम होते ४६ लाख ७० हजार.

याच कलमात सुटकेची वाटही आहे, हे लक्षात घ्या. परवानगी मागता येते. नऊपैकी दोघांकडे इतकी चांगली प्रमाणपत्रं होती की त्यांना ती बहुधा मिळालीही असती. एका पत्राचं काम होतं. ते पत्र कोणी लिहिलं नाही.

पहिलं वळण: ईमेल

विश्लेषकांनी एकविसाव्या महिन्यात आपल्या व्यवस्थापकाला ईमेल केला आणि तक्ता जोडला. ईमेल मी पाहिला आहे. त्यात 'फसवणूक' हा शब्द नव्हता. 'या नऊ जणांची पात्रता करारातल्या तक्त्याशी जुळत नाही, आपण बिल पाठवण्याआधी तपासावं असं मला वाटतं' एवढंच होतं. उत्तर तोंडी आलं: माणसं कुठल्या कॅटेगरीत बसतात हे करार विभाग ठरवतो, तुम्ही तासांची बेरीज बघा.

त्यानंतर बाविसावं, तेविसावं आणि चोविसावं बिल जुन्याच दराने गेलं.

या तीन बिलांपाशी थांबायला हवं, कारण सगळं प्रकरण त्यांच्यावर फिरलं. अशा खटल्यांचा पाया म्हणजे सरकारला खोटी बिलं पाठवण्याविरुद्धचा फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट. हा कायदा १८६३ सालचा, यादवी युद्धात सैन्याला निकृष्ट माल विकणाऱ्या पुरवठादारांना धडा शिकवण्यासाठी लिंकनच्या काळात झालेला. चुकीचं बिल पाठवणं हा त्यात दोष नाही; चुकीचं आहे हे 'जाणून' पाठवणं हा दोष आहे. पण कायद्यातला 'जाणून' हा शब्द आपल्या रोजच्या वापरातल्या शब्दापेक्षा रुंद आहे. प्रत्यक्ष माहीत असणं त्यात येतंच, शिवाय मुद्दाम डोळेझाक करणं आणि खरं-खोटं तपासण्याची बेफिकीर हयगय करणं हेही येतं. फसवण्याचा खास हेतू सिद्ध करावा लागत नाही.

२०२३ साली सुपरव्हॅल्यू या किराणा साखळीच्या औषध-बिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं: त्या वेळी बिल पाठवणाऱ्याला स्वतःला काय ठाऊक होतं, काय वाटत होतं, ते बघायचं. नियमाचा दुसराही अर्थ निघू शकतो, असं वकिलाने मागाहून शोधून काढलं तर तेवढ्याने सुटका नाही.

आता पहिली एकवीस बिलं पाहा. ती चूक होती असं म्हणायला कंपनीला जागा होती. पुढच्या तिन्ही बिलांच्या वेळी तक्ता व्यवस्थापकाच्या इनबॉक्समध्ये होता.

दुसरं वळण: गुपचूप दुरुस्ती

व्यवस्थापकाने उत्तर तोंडी दिलं असलं तरी ईमेल पुढे पाठवला होता. कंपनीच्या अनुपालन अधिकाऱ्याने, म्हणजे कंपनी नियम पाळते का हे पाहणाऱ्या अधिकाऱ्याने, तो गांभीर्याने घेतला. या अधिकारी बाईंचं कौतुक करायला हवं. त्यांनी उपाध्यक्षांना लेखी कळवलं की हे खात्याला सांगावं लागेल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मोठ्या केंद्रीय करारांमध्ये २००८ पासून एक सक्तीचं कलम असतं: फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टच्या उल्लंघनाचा विश्वासार्ह पुरावा हाती आला, तर कंत्राटदाराने तो वेळेवर त्या खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे (खात्यातल्या गैरव्यवहारांची स्वतंत्र चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) लेखी उघड करायचा, आणि एक प्रत कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला द्यायची. ते केलं नाही तर पुढची कंत्राटं घेण्यावर बंदीही येऊ शकते.

उपाध्यक्षांपुढे खरं तर दोन रस्ते होते. उघड करायचं, फरक परत करायचा, आणि दंड व चौकशीची धास्ती सोसायची. किंवा पुढचं ऑप्शन वर्ष सुरू होईपर्यंत थांबायचं आणि त्या वर्षापासून नऊ जणांना खालच्या कॅटेगरीत टाकायचं. त्यांनी दुसरा रस्ता धरला. पंचविसाव्या बिलापासून दर ९४ झाला. मागच्या चोवीस बिलांबद्दल कोणी एक शब्द काढला नाही.

मला इथे त्या उपाध्यक्षांची अडचण समजते. ऑप्शन वर्षाची मंजुरी तोंडावर होती. पंधरा लाखांचा परतावा त्यांच्या विभागाचा वर्षाचा नफा खाऊन टाकणार होता. आणि खात्यातला रोजचा संपर्क अधिकारी कामावर खूश होता. त्याला ही मुलं तरुण आहेत हे समोर दिसतच होतं. तेव्हा सरकारला माहीतच आहे, असा दिलासा त्यांनी स्वतःला दिला असणार.

पण तो दिलासा दोन ठिकाणी तुटका होता. एक, तो संपर्क अधिकारी करार बदलू शकत नव्हता; तो अधिकार फक्त कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचा, आणि त्याच्याकडे बिलं कोडसह जात होती, बायोडेटासह नाही. दुसरं, २००९ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने जास्तीची मिळालेली रक्कम परत करण्याची जबाबदारी स्पष्टपणे आपल्या कक्षेत घेतली आहे. चुकून मिळालेले पैसे चुकून मिळालेत हे कळल्यावर दाबून ठेवणं हेही उल्लंघनच.

दुरुस्ती करताना अंतर्गत टिपणीत कारण लिहावं लागलं. ते असं होतं: 'सध्याच्या कॅटेगरीसाठी कर्मचारी पात्र नाहीत.' सरकारी वकिलांना पुढे याहून चांगला पुरावा शोधावा लागला नाही.

पर्याय

नव्या वर्षाच्या पहिल्या बिलात दर उतरलेले पाहून विश्लेषकांना आधी हायसं वाटलं. मग त्यांनी दुसरा ईमेल केला, या वेळी अनुपालन अधिकाऱ्यालाही प्रत देऊन: मागच्या बिलांचा परतावा कसा करायचा आहे? पाच आठवड्यांनी त्यांना नोकरीवरून काढलं. कारण दिलं, कामाची गती अपेक्षेप्रमाणे नाही. आदल्या दोन वर्षांचे त्यांचे वार्षिक शेरे उत्तम होते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्या निर्णयाचं वजन कळणार नाही. त्या एच-वन-बी व्हिसावर होत्या. नोकरी गेल्यावर त्या व्हिसावर जास्तीत जास्त ६० दिवस राहता येतं. तेवढ्यात नवा मालक शोधायचा, व्हिसाचा प्रकार बदलायचा, नाहीतर देश सोडायचा. मुलगी शाळेत जात होती. त्यांचे यजमान स्वतःच्या नोकरीवर त्याच व्हिसावर होते, म्हणून त्यांच्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराचा व्हिसा मागता आला. तो मिळाला, पण त्यावर लगेच नोकरी करता येत नव्हती. ज्यांचा जोडीदार असा पाठीशी नसतो अशा कितीजणी पहिला ईमेलसुद्धा लिहिणार नाहीत, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

वकिलाकडे जाईपर्यंत त्यांच्या डोक्यात एकच पर्याय होता: गप्प बसायचं आणि नवी नोकरी शोधायची. वकिलांनी बाकीचे मांडले.

खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडे तक्रार करता येत होती. त्याला पैसा लागत नाही, नाव गुप्त ठेवण्याची विनंती करता येते. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना सूडापासून संरक्षण देणारा एक वेगळा केंद्रीय कायदा आहे, त्याखालची तक्रारही तिथेच करायची असते आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते. यात तोटा असा की पुढे काय होतं यावर तक्रारदाराचा काही ताबा राहत नाही, आणि वसुलीत वाटा मिळत नाही.

नुसता नोकरीवरून काढल्याचा दावाही लावता आला असता. फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टमध्येच त्याची तरतूद आहे: पुन्हा नोकरी, बुडालेल्या पगाराच्या दुप्पट रक्कम आणि व्याज, वकिलाचा खर्च. पण मूळ बिलांचा प्रश्न त्यात बाजूलाच पडला असता.

आणि तिसरा होता 'क्वी टॅम' खटला: खासगी व्यक्तीने सरकारच्या वतीने लावायचा. मराठी वर्तमानपत्रांत व्हिसलब्लोअरला जागल्या म्हणतात, गावाची राखण करत रात्री जागणारा. या जागल्याला अमेरिकी कायदा नुसतं ओरडू देत नाही, तो त्याच्या हाती खटलाच देतो. सरकारने खटला आपल्याकडे घेतला तर वसुलीच्या १५ ते २५ टक्के वाटा, सरकारने हात काढून घेतला आणि जागल्याने एकट्याने लढवून जिंकला तर २५ ते ३० टक्के. नुकसानीच्या तिप्पट वसुली आणि शिवाय प्रत्येक खोट्या बिलामागे दंड. २०२५ च्या दराप्रमाणे तो १४,३०८ ते २८,६१९ डॉलर. २०२४ या आर्थिक वर्षात असे ९७९ खटले दाखल झाले, तोवरचा तो उच्चांक होता.

त्याची किंमतही वकिलांनी सांगितली, आणि ती नीट सांगितली म्हणून मला ते वकील आवडले. खटला सीलबंद दाखल होतो. खटला आपल्याकडे घ्यायचा का हे ठरवायला सरकारला कायद्यात ६० दिवसांची मुदत असली तरी सरकार ती वाढवून घेतं आणि वर्षं जातात. त्या काळात खटला आहे हे कोणालाही सांगायचं नाही, नव्या मालकालाही नाही. बूझ अ‍ॅलन हॅमिल्टन या बड्या सल्लागार कंपनीवरचा असा खटला २०१६ साली दाखल झाला आणि तडजोड जाहीर झाली जुलै २०२३ मध्ये. व्यापारी आणि परदेशी कामाचा खर्च सरकारी करारांवर टाकल्याचा तो आरोप होता. तडजोड ३७ कोटी ७४ लाख ५० हजार डॉलरची, आणि तक्रार करणाऱ्या माजी कर्मचारी महिलेला जवळजवळ ७ कोटी मिळाले. असे आकडे बातम्यांत येतात आणि माणसं चुकीच्या अपेक्षा घेऊन येतात. तिच्या मधल्या सात वर्षांची बातमी होत नाही.

काय केलं

पहिल्या भेटीतच वकिलांनी एक अडचण काढली. नोकरी जाण्याच्या आदल्या आठवड्यात विश्लेषकांनी घाबरून बरेच ईमेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवून ठेवले होते. त्यांतला एक कंपनीच्या वकिलाने उपाध्यक्षांना लिहिलेला होता, चुकून विश्लेषकांना प्रत गेलेला. वकील आणि अशील यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय असतो. तो वाचून वापरला असता तर चांगला खटला त्यापायी रुतला असता. वकिलांनी तो न वाचता वेगळा ठेवला आणि दाखल करताना सरकारला त्याच्या अस्तित्वाची कल्पना दिली. बाकीची कागदपत्रं रोजच्या कामात त्यांच्या हातून जाणारी होती आणि तक्रारीशी थेट संबंधित होती, म्हणून ती टिकली. पण टांगती तलवार दोन वर्षं होती.

मग प्रत्यक्ष तक्रार लिहिली. फसवणुकीचे आरोप मोघम चालत नाहीत. कोणी, कधी, कुठल्या बिलात, किती, हे द्यावं लागतं. अनेक खटले इथेच पडतात. इथे नऊ नावांचा तो तक्ता आणि चोवीस बिलांचे क्रमांक होते. तक्रार केंद्रीय न्यायालयात सीलबंद गेली आणि पुराव्याच्या लेखी निवेदनासह प्रत न्याय खात्याकडे गेली.

घाई करण्यामागे एक कारण होतं. त्याच गोष्टीवर दुसऱ्या कोणी आधी खटला लावला तर नंतरच्याला दार बंद होतं. अनुपालन अधिकाऱ्यानेही दरम्यान राजीनामा दिला होता. त्या तसं काही करणार नव्हत्या हे पुढे कळलं, पण त्या वेळी ते कोणाला ठाऊक होतं?

आठ महिन्यांनी कंपनीला न्याय खात्याची दिवाणी चौकशीची मागणी मिळाली: कागद द्या, साक्षी द्या. तिथून कंपनीने मात्र शहाणपणा दाखवला. नवे वकील नेमले, काही लपवलं नाही, अंतर्गत टिपणीसुद्धा दिली. सहकार्य करणाऱ्याला रक्कम कमी करून देण्याचं न्याय खात्याचं लेखी धोरण २०१९ पासून आहे, त्याचा त्यांना उपयोग झाला.

वाटाघाटींत तीन गोष्टींवर रस्सीखेच झाली. कंपनी म्हणाली, काम उत्तम झालं, खात्याने समाधानाने पैसे दिले, तेव्हा पात्रतेची अट सरकारसाठी महत्त्वाची नव्हतीच. हा बचाव पोकळ नाही. २०१६ च्या एस्कोबार निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की अट मोडली आहे हे प्रत्यक्ष माहीत असूनही सरकार पैसे देत राहिलं, तर ती अट महत्त्वाची नव्हती याचा तो बळकट पुरावा ठरतो. पण माहीत कोणाला होतं? कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरला नव्हतं. आणि पैसे न देण्याचं कलम करारातच छापलेलं होतं. दुसरा वाद नुकसान मोजण्याचा: फरक की अख्खा तास? तिसरा वाद त्या एकवीस आणि तीन बिलांचा. कंपनी म्हणे, आमची जाण फार तर शेवटच्या तीन बिलांपुरती. सरकार म्हणे, माणसं बदलली तेव्हा पात्रता एकदाही तपासली नाही ही हयगयच, आणि कळल्यावर पैसे दाबून ठेवलेत ते सगळ्या चोवीस बिलांचे.

निकाल

दाखल झाल्यापासून दोन वर्षं पाच महिन्यांनी २९ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे दरातल्या फरकाच्या जवळजवळ दुप्पट. अख्खा तास धरून तिप्पट वसुली झाली असती तर आकडा १ कोटी ४० लाखांपर्यंत गेला असता. कंपनीने दोष कबूल केला नाही. अशा तडजोडींत तो बहुधा कबूल केला जातच नाही. बंदी टळली, कारण बिलिंगची प्रणाली बदलल्याचं आणि उपाध्यक्षांना हटवल्याचं कंपनी दाखवू शकली.

विश्लेषकांना १९ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार डॉलर मिळाले. त्यातला सुमारे तिसरा हिस्सा करारानुसार वकिलांचा, उरलेल्यावर आयकर. नोकरीवरून काढल्याचा दावा वेगळा मिटला, त्याची रक्कम गोपनीय आहे. अडीच वर्षांत त्यांनी पगाराचे सोळा महिने गमावले होते. आता त्या रुग्णालयांच्या बिलिंगमध्ये काम करतात.

वेगळं काय करता आलं असतं

विश्लेषकांच्या बाजूने पाहिलं तर वकिलाकडे जायला उशीर झाला. दुसऱ्या ईमेलच्या आधी तासाभराचा सल्ला घेतला असता तर कागदांचा घोळ झाला नसता आणि व्हिसाची तयारी नोकरी असतानाच सुरू करता आली असती. पहिला ईमेल मात्र मी जसाच्या तसा ठेवीन. आरोप नाही, विशेषण नाही, तक्ता जोडलेला. 'तुम्ही सरकारला लुबाडताय' असं त्यात असतं तर कंपनीला तो रागाचा भर म्हणून बाजूला ठेवता आला असता.

कंपनीच्या बाजूने तीन-चार जागी मार्ग निघत होता. माणूस बदलताना पात्रतेची नोंद तपासणं, दोघांसाठी परवानगी मागणं; पण त्यांतली सर्वांत मोठी जागा एकविसाव्या आणि बाविसाव्या बिलाच्या मधली. त्या महिन्यात बिल रोखून इन्स्पेक्टर जनरलला कळवलं असतं, तर माझ्या अंदाजाने फरकाच्या रकमेहून थोडं जास्त भरून प्रकरण संपलं असतं, खटला उभाच राहिला नसता, आणि ती एक चूक म्हणूनच नोंदली गेली असती. दरदुरुस्ती करून परतावा टाळणं हा मला यातला सगळ्यात वाईट निर्णय वाटतो. काहीच न करण्यापेक्षाही वाईट, कारण त्याने न कळल्याचा बचाव कंपनीने स्वतःच्या हाताने खोडून टाकला.

कायद्याबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका केंद्रीय न्यायाधीशांनी झाफिरोव्ह प्रकरणात असा निर्णय दिला की खासगी व्यक्तीने सरकारच्या वतीने असे खटले चालवणं घटनाबाह्य आहे. त्यावर अपील झालं. तो विचार वर टिकला, तर अशा विश्लेषकांच्या हाती इन्स्पेक्टर जनरलची तक्रार आणि सूडाविरुद्धचा दावा एवढंच उरेल. आमच्या या प्रकरणात तेवढ्याने पंधरा लाख परत आले असते असं मला वाटत नाही.

आणि ती नऊ मुलं. आपलं बिल कुठल्या हुद्द्याने जातं हे त्यांना कधीच माहीत नव्हतं. पगार कनिष्ठाचाच होता, वरच्या ४४ डॉलरांतला एकही त्यांच्याकडे आला नव्हता. चौकशीत त्यांना बोलावलं, तेव्हा दोघांनी विचारलं की आम्ही काही गुन्हा केलाय का. सरकारने पुढे ऑप्शन वर्ष वाढवलं नाही, आणि नऊपैकी तिघांची नोकरी गेली. तडजोडीच्या कागदांत त्यांची नावं कुठेही नाहीत. फक्त मूळ तक्त्यात आहेत, अनुभवाच्या वर्षांसमोर.